मामंजींचा पटका

“आक्का, लाँच,” डोलीतून हौसा म्हणाली.

डोली खाली टेकवून आम्ही चौघं धापा टाकत बसलो होतो. डोली कसली, घोंगड्याची झोळी आणि त्यातून घातलेला कळकाचा दांडा. पुढं एक, मागं एक, खांदा भरून आला की दुसरी जोडी. चौघांत मी एकटीच तरणी. मामंजी, शेजारचे धोंडीतात्या आणि बाळंतपणं करणारी कोंडाबाई, तिघांचीही साठी उलटलेली. गावातले कर्ते बाप्ये सगळे मुंबईत, माथाडीच्या कामाला. माझा नवरा तिकडंच आणि हौसाचा, म्हणजे माझा धाकटा दीर, तोही तिकडंच. उंबरमाळात कुणाला खांद्यावर घ्यायची वेळ आली की बायकांनाच पदर खोचावा लागायचा.

“गप पड,” मी म्हटलं. “आता कुठली आलीय लाँच? ती बंद होऊन जमाना झाला.”

“ऐका की जरा.”

आम्ही कान दिला. खाली धरणाचं पाणी डोंगरांच्या मधून लांबवर पसरलेलं, उन्हानं डोळे दिपत होते. वळणापलीकडून आवाज येत होता खरा. टक टक टक टक. तो आवाज आमच्या गावातलं शेंबडं पोरही ओळखायचं.

हौसा माझी जाऊ. वयानं माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून माझ्या पाठीला लागलेली. भांडायची, रुसायची, आणि संध्याकाळी माझ्याच ताटात जेवायची. त्या दिवशी पहाटे तिला मुलगी झाली. पोर धडधाकट, रडली ती सगळ्या आळीला उठवून. पण वार तुटून आली, तुकडा आतच राहिला, आणि अंगावरून जायचं काही थांबेना. कोंडाबाईनं होतं नव्हतं ते करून पाहिलं. मग हात धुतले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “अनशे, हे माझ्या हातचं न्हाई. डाक्टर गाठा. दुपारच्या आत गाठा.”

गाठायचा म्हणजे कसा? गावच्या मागं डोंगर. तो चढून खिंड, खिंडीतून पलीकडं उतरलं की सडक, आणि सडकेला एसटी मिळाली तर तालुक्याचं गाव. पोर आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ओटीत टाकली आणि हौसाला उचललं. निम्मा डोंगर चढून आलो होतो तेव्हा तिनं तो आवाज ऐकला.

आता त्या लाँचचं सांगायला हवं, नाहीतर आम्ही पुढं जे केलं ते तुम्हाला खुळ्यासारखं वाटेल.

धरण झालं तेव्हा आमची शेतं आणि वाट दोन्ही पाण्यात गेली. पाण्याच्या पलीकडं दवाखाना, अलीकडं आम्ही. म्हणून आरोग्य खात्यानं एक लाँच ठेवली होती. दर गुरुवारी डॉक्टर आणि नर्सबाई घेऊन यायची. आम्ही चेष्टेनं म्हणायचो, उंबरमाळात आजारी पडायचं तर बुधवारी रात्री पडावं. पण नुसता गुरुवारच नव्हता. काठावरच्या खडकात एक काठी रोवलेली होती. तिला पांढरं कापड बांधलं की वार कुठलाही असो, इस्माईलचाचा लाँच वळवायचा. पलीकडून त्याला कापड दिसायचं. माझ्या थोरल्याला विंचू चावला तेव्हा जेवता जेवता उठून आला होता तो, हातही न धुता. कापडसुद्धा नर्सबाईंनीच दिलेलं, दवाखान्याची जुनी चादर.

मग एक दिवस निकम साहेब आले. जिल्ह्याच्या ठिकाणी, आरोग्य खात्याचे हिशेब बघणारे. माणूस वाईट नव्हता हो. शाळेच्या ओट्यावर मांडी घालून बसले, आमचा गुळाचा कोरा चहा दोनदा मागून प्यायले. मामंजींच्या डोक्यावरचा पांढराशुभ्र पटका बघून म्हणाले, “मामा, पटका लई झोकात बांधलाय. असा बांधणारे राहिले नाहीत आता.”

मामंजी खूश. सगळ्या गावात पटक्याचा नाद त्यांनाच. धुवायला ते मला देत, पण बांधायला आरशाचीसुद्धा मदत घेत नसत.

“तर मामा,” निकम साहेब म्हणाले, “सुताराचं काम तुम्ही लोहाराला सांगता का?”

“न्हाई बा.”

“बरोबर. औषध देणं आरोग्य खात्याचं काम. नावा चालवणं नव्हे. मुंबईतून तसा हुकूमच निघालाय, ज्याचं काम त्यानं करायचं. लाँच आता पाटबंधारे खात्याकडं जाणार. तिचं डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती, सगळा खर्च आमच्या डोक्यावरून उतरला. अहो, एका लाँचच्या खर्चात वर्षभर एक ॲम्ब्युलन्स चालते. ती खिंडीपलीकडं सडकेला कायमची उभी करतो.”

मी दाराआडून ऐकत होते. राहवलं नाही. “कधी?” मी विचारलं.

“पुढच्या बजेटात, ताई.”

“आणि लाँच कधी जायची?”

“ती एक तारखेपासून.”

“म्हंजे म्हस आज इकायची,” धोंडीतात्या म्हणाले, “आन दूध पुढल्या साली.”

सगळे हसले. साहेबही हसले. मामंजी मात्र हसले नाहीत. “आन मधल्या काळात कुणाला काय झालं तर?” त्यांनी विचारलं.

“लाँच काय उडून जाणार आहे का मामा? ह्याच पाण्यात असणार. नड पडली तर तुमचं ते पांढरं कापड दाखवा, थांबेल. माझा शब्द.”

शब्द म्हटल्यावर मामंजींचा प्रश्नच मिटला. त्यांच्या लेखी शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ग्रामसेवकानं ठराव वाचला, गावाची हरकत नाही म्हणून. हात वर करा म्हणाला. मामंजींनी पहिला हात वर केला, त्यांच्या मागोमाग सगळ्या गावानं. जाताना खात्याची माणसं खडकावरच्या काठीची चादर सोडून घेऊन गेली. सामानाच्या यादीत होती म्हणे. मेली फाटकी चादर, पण यादीत होती. काठी यादीत नव्हती म्हणून ती राहिली.

तर त्या दिवशी निम्म्या डोंगरात आम्ही बसलेलो आणि खालून लाँचचा आवाज.

“ती आता दवाखान्याची न्हाई,” धोंडीतात्या म्हणाले. “चला, उचला. अजून खिंड गाठायचीय.”

“दवाखान्याची नसंल,” मामंजी म्हणाले, “पर पाण्यात हाय का न्हाई? सायबानं काय सांगितलं हुतं? कापड दावा, थांबंल.”

“आन न्हाई थांबली म्हंजे?”

“शब्द दिलाय त्यानं, धोंडी.”

कोंडाबाई हौसाच्या उशाशी बसली होती. तिनं घोंगड्याखाली हात घालून पाहिला, हात बाहेर काढला आणि लुगड्याला पुसला. आमच्याकडं न बघता म्हणाली, “खिंडीपतूर टिकायची न्हाई ही. लाँचनं घटकाभरात पल्याड जाईल.”

हौसाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, पण डोळे हसत होते. “खाली चला, आक्का,” ती म्हणाली. “तुमचा खांदा सोलवटलाय. लाँचमधनं जाऊ निवांत.”

खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. वर चढायचं म्हणजे छाती फुटायची, आणि खाली उतरायला काय लागतंय. आम्ही डोली फिरवली. जवळजवळ पळतच उतरलो. कोंडाबाई पुढं काटेकुटे बाजूला करत होती, मामंजी मागच्या टोकाला, आणि हौसा मधे झोके खात होती. एकदा म्हणालीसुद्धा, “लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच पाळण्यात बसले.” मी म्हटलं, “बोलू नको, दम राख.” पण मनात म्हटलं, बोलतीय म्हणजे जगतीय.

काठावर आलो तर लाँच अजून दूर होती, पण आमच्याच अंगानं येत होती. काठी तशीच उभी. कापड कुठाय? मी हातातलं गाठोडं उलटंपालटं केलं. सगळी फडकी लाल झालेली.

मामंजींनी डोक्याला हात घातला आणि पटका सोडला.

मी सून होऊन आल्यापासून मामंजींचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. माझी नजर आपोआप खाली गेली. त्यांनी सगळा पटका उलगडला, काठीला एक टोक बांधलं आणि दुसरं वाऱ्यावर सोडलं. असा लांबच्या लांब फडफडला तो की पार धरणाच्या भिंतीवरून दिसला असता.

“दिसंल आता,” ते म्हणाले. “आंधळ्याला दिसंल.”

लाँच जवळ आली. नवा रंग दिला होता तिला, कडेला निळी पट्टी. वर छत, छताखाली खुर्च्या मांडलेल्या. दहा-बारा माणसं होती, सुटाबुटातली, काळे चष्मे लावलेली, दोन बायकाही होत्या. आम्ही हात हलवायला लागलो. मी पदर सोडून तो हलवला, ओरडले, “ओ साहेब, ओ लाँचवाले, बाळंतीण आहे.” धोंडीतात्यांनी दोन्ही हात वर करून उड्या मारल्या त्या वयात. इंजिनाचा एवढा आवाज की माझं मलाच ऐकू येईना.

आणि त्यांनी आम्हाला पाहिलं. पाहिलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. एकजण उठून कठड्याशी आला आणि त्यानं हात वर केला. मग बाकीचेही उठले. सगळ्यांनी हात केले. एका बाईनं हातरुमाल हलवला. कुणीतरी फोटो काढला. कठड्याशी पहिल्यांदा आला तो माणूस मी ओळखला, निकम साहेब होते ते.

“निकम सायेबच हाय,” मामंजी म्हणाले. “बघा. म्या काय म्हणत हुतो?”

लाँच थोडीशी आमच्या बाजूला वळली. झोळीतून हौसानं मान उचलली. “वळली, आक्का,” ती म्हणाली. तिनंही हात वर केला. एवढासा, कोपरापर्यंत. त्यातल्या हिरव्या बांगड्या खाली घसरल्या.

मी चाकावर इस्माईलचाचाला शोधत होते. चाचा नव्हता. कुणी दुसराच होता, टोपी घातलेला, पुढं बघत बसलेला. चाचा रोजंदारीवरचा होता, लाँचबरोबर त्याचाही खर्च उतरला होता. हे मला पुढं कळलं. त्या वेळी नुसतं वाटलं की चाचा दिसत कसा नाही.

लाँच वळली ती खडक चुकवायला वळली होती. तशीच वळण घेऊन पुढं गेली. माणसं मागं फिरून अजून हात करत होती. लाटा येऊन आमच्या पायांवर फुटल्या.

धोंडीतात्या मटकन खाली बसले.

“थांबली का?” हौसानं विचारलं. झोळीत पडल्या पडल्या तिला आता नुसतं आभाळ दिसत होतं.

कोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “फेरी मारून येत्यात.”

“त्यांनी बगितलं की न्हाई आपल्याला?”

“बगितलं.”

“मग यीतील,” हौसा म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

आम्ही वाट बघितली. किती ते मला सांगता येणार नाही. आवाज कमी कमी होत बंद झाला. मग मामंजींनी काठीचा पटका सोडला, त्याची घडी करून हौसाच्या अंगावर घातला, कारण तिला हुडहुडी भरली होती, आणि दांड्याखाली खांदा दिला. पुन्हा तोच डोंगर. निम्म्यावर आलो, मघाशी टेकलो होतो त्याच जागी, तेव्हा कोंडाबाई म्हणाली, “ठेवा खाली.”

“आत्ता कशाला?” मी म्हटलं. “खिंड तर येऊ दे.”

“ठेव, अनशे. आता घाई न्हाई.”

मी रडले नाही तेव्हा. मला राग आला होता, हौसाचाच आला होता. म्हटलं, सारखी बडबड करणारी तू, जाताना एक शब्द बोलायला काय झालं होतं? मामंजी तिच्या पायांशी बसले, उघड्या डोक्यानं, आणि पटक्याची टोकं तिच्या पायांखाली नीट खोचत राहिले. ते खोचून झाल्यावर पुन्हा खोचत होते.

पटका तिच्याबरोबरच गेला. दीर मुंबईहून आला तो तिसऱ्या दिवशी. त्यानं बापाला दुसरा पटका आणला होता, कोरा. मामंजींनी तो घडी न मोडता फडताळात ठेवून दिला.

सव्वीस जानेवारीला शाळेत ग्रामसभा भरली. झेंडा झाला, पोरांना चॉकलेटं वाटली. निकम साहेब लाँचनं आले होते. टेबलापलीकडं ग्रामसेवक, खाली सतरंजीवर गाव. मी हौसाच्या पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. मामंजी पुढच्या रांगेत. गावाला आता त्यांच्या उघड्या डोक्याची सवय झाली होती, पण दीडशे वेळा पाहूनही माझी मान खाली जायची ती जायचीच.

साहेब उभे राहिले. आवाज तोच, मोकळा. म्हणाले, जिल्ह्यात खात्याची कामं वेगळी करण्याचा प्रयोग आपल्या धरणावर सगळ्यांत चांगला झाला. एवढे एवढे रुपये वाचले. आकडा त्यांनी दोनदा सांगितला, मी एकदाही लक्षात ठेवला नाही. शासनाच्या तिजोरीवर एका पैचा भार नाही. आणि लोकांची एक तक्रार नाही.

“तक्रार तर सोडाच,” ते म्हणाले, “डिसेंबरात आम्ही मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन आलो होतो. पुढं इथं पर्यटनाच्या बोटी चालवायचं चाललंय, ते बघायला. काठावरच्या गावांना निरोप होता, स्वागताला उभं राहा. बाकीच्या गावांत हार-तुरे, लेझीम. पण खरं सांगतो, पाहुण्यांच्या मनात भरलं ते तुमचं उंबरमाळ. चारच माणसं होती, पण काय ते हात हलवणं. आणि एवढं लांबच्या लांब पांढरं निशाण उभारलेलं. पाहुणे मला म्हणाले, निकम, लोक खूश दिसतात. मी तसं वर कळवलं.”

आम्हाला कसला निरोप? ग्रामसेवक लाँच बंद झाल्यापासून आमच्या गावात फिरकला नव्हता. तो आता टेबलावरच्या फुलदाणीकडं बघत होता.

तोंडाची मी फटकळ, सगळं गाव मला भितं, पोरीला सावरून मी उठायला लागले. कोंडाबाई माझ्या शेजारी होती, तिनं माझा दंड घट्ट धरला.

साहेबांची नजर मामंजींवर गेली. त्यांना ओळखायला क्षणभर लागला. मग आपुलकीनं हसले. “अरे मामा, तुम्हीच की. ओळखलं नाही बघा. आज बोडकेच? पटका कुठं गेला तुमचा?”

मामंजी उठले. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुणी वाट विचारली तर सांगावं तसं ते म्हणाले.

“त्योच दावला हुता सायेब तुमाला. तुम्ही म्हणला हुता, कापड दावा. सून हुती खाली झोळीत. बाळंतीण.” मग मागं वळून माझ्या मांडीकडं बोट केलं. “तिची ही पोर.”

साहेबांनी पोरीकडं पाहिलं. मग मामंजींकडं. “मला वाटलं...” ते म्हणाले. हातातला कागद त्यांनी टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगितलं. पण चांगला असून माझी हौसा परत येणार होती का?

मामंजी खाली बसले. बाहेर पोरं चॉकलेटाचे कागद उडवत होती.

शेवटी सवयीनं ग्रामसेवकानं पुढचा कागद ओढला, घसा साफ केला आणि घाईघाईनं वाचून टाकलं, की लाँच पाटबंधारे खात्याकडं कायम करण्यास गावाची हरकत नाही. “मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

त्यानं मान वर करून बघितलं. साहेबांनीही बघितलं. सतरंजीवर सगळं गाव बसलं होतं, बाया, म्हातारे, धोंडीतात्या, कोंडाबाई. सगळ्यांचे हात आपापल्या मांडीवर होते.